रंगीत तालीम

बकरी ईदला वीस दिवस उरले होते.
सोहारच्या इस्पितळात तालीम ठरली
आणि रुग्ण म्हणून मला निवडलं,
कारण फरशी पुसणारा तासभर नसला
तरी कुणाचं अडत नाही.

गळ्यात कार्ड अडकवलं:
प्रवासी, पुरुष, वय चौतीस,
एंटेब्बेहून आज पहाटे उतरला.
ताप एकशे तीन. हिरड्यांतून रक्त.
रक्त म्हणजे बिटाचा रस,
लीनाम्मा सिस्टरनं घरून डब्यात आणलेला.
तो तिनं माझ्या ओठांना लावला,
हळद लावावी तसा, हसत हसत,
आणि लावून झाल्यावर
दोन पावलं मागं सरकली.

खोलीला दोन दारं.
एक मिटल्याशिवाय दुसरं उघडत नाही.
काचेपलीकडं ते कपडे चढवत होते.
हातमोजा, त्यावर हातमोजा,
एकजण यादी वाचतोय, दुसरा ती अंगावर घालतोय,
तिसरी फक्त बघतेय, कुठं कातडी उघडी राहिली का.
इतक्या निगुतीनं नटून
मला भेटायला आजवर कुणी आलं नव्हतं.

डॉक्टर शम्सा आत आल्या. नुसते डोळे.
टोपण न काढता सुई टेकवली,
न काढलेलं रक्त डबीत, डबी डब्यात, डबा पेटीत.
खाली मस्कतची गाडी घरघरत उभी.
मग हिंदीत विचारलं:
गेल्या एकवीस दिवसांत किस किस को छुआ?

छुआ.
माझ्या आजोबाला हे कुणी विचारलं नसतं.
गावाला उत्तर आधीच ठाऊक होतं.

कार्डाच्या मागं छापलं होतं: कोणालाही नाही.
मी कार्ड उलटलंच नाही.
म्हणालो, लिहा, मॅडम.
खोलीत बारा जण.
टेकबहादूर रात्रपाळीला गेला की त्याची उशी माझी,
तिची ऊबसुद्धा.
गुलखान, शुक्रवारी सगळ्यांची दाढी करतो,
वस्तरा एकच.
आणि हारून, नोआखालीचा,
बंदरावर बर्बेराच्या शेळ्या उतरवतो.
रात्री नळावर पाय धुताना
पोटरीचा गोचीड नखानं उपटतो,
अंगठ्यावर चिरडून दाखवतो, देख, कितना मोटा!

बाप सांगायचा बैलाजवळ बसून:
नखानं नोको चिरडू बे, रगत उडते.
त्याला कुठल्या तापाचं नाव माहीत नव्हतं,
विमानतळ तर त्यानं पाहिलाच नाही.

मागून कुणीतरी म्हणालं, हे तालमीत नाही.
शम्सा लिहितच होत्या.
बारा नावं, एक वस्तरा, एक बोट शेळ्यांची.
कागद भरला, आणि तेव्हा सगळ्यांच्याच लक्षात आलं
की या खोलीतला कागद बाहेर नेता येत नाही.
नियमाप्रमाणं तो पिवळ्या पिशवीत गेला.
पिशवी भट्टीत.

अहवाल आला: एक्केचाळीस मिनिटं. समाधानकारक.
एक त्रुटी, रुग्ण फार बोलला.
पण मी कपडे बदलून पोछा उचलत होतो तेव्हा
काचेपलीकडून टकटक झाली.
शम्सांच्या हातात कोरा कागद,
कपाळावर चष्म्याचा लाल वळ.
परत सांग, म्हणाल्या. शेळ्यांपासून सुरू कर.

रात्री हारूननं विचारलं, पैसे किती दिले?
म्हटलं, चहा. आणि हा चिमटा, लीनाम्मानं.
तो माझ्या बिटाळलेल्या ओठांकडं बघून
हसत सुटला, आणि हसता हसता
ओला पाय उचलून सरळ माझ्या मांडीवर ठेवला.
दिवसभरात मला शिवलेलं
हे पहिलं उघडं कातडं.

हलू नको, म्हणालो.
दिवा जवळ घे.
नखानं नाही.